जबड्याखालचा खडा

“तोंड उघडंच ठेवा, काका. आणि आता बोलायचं नाही.”

एवढं सांगून डॉक्टर मुजावरांनी लगेच विचारलं, “मूळचे सांगलीचेच का तुम्ही?”

(नाही. वेंगुर्ल्याचा. टेलिफोन खात्यात लागलो आणि इकडे आलो.)

“की मिरजेचे?”

(वेंगुर्ल्याचा म्हटलं ना.)

“मुलं काय करतात?”

(मुलं नाहीत.)

“छान.”

काय छान होतं ते कळलं नाही. हात चालू असले की तोंडही चालू ठेवायचं, अशी त्यांची सवय असावी. माझी जीभ कापडात धरून एका बाजूला ओढलेली होती. डोळ्यांवर दिवा होता. उजव्या जबड्याखाली त्यांचं एक बोट बाहेरून दाबत होतं आणि दुसरं तोंडाच्या आतून. त्या दोन बोटांच्या मध्ये कुठेतरी खडा होता.

बाहेर बाकावर वाटवे बसले होते, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. हातात थर्मास घेऊन. सोबत कोणी नसेल तर ऑपरेशन करणार नाही, असं दवाखान्यातून बजावलं होतं, आणि वाटवे आपणहून म्हणाले होते, “मी आहे की!” रविवारी सोसायटीची मीटिंग होती. माझ्या शेजारच्या भाडेकरू बाईंना घर सोडायला लावायचं की नाही, हे त्या मीटिंगमध्ये ठरायचं होतं. वाटव्यांच्या मते ते माझ्या जबड्यावर ठरणार होतं.

नाही, इथून नको. आधी जबडा सांगतो.

*

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. माझी बायको विमल जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. मी जेवायचो ते म्हणजे दूधभात, नाहीतर ताकभात. दोन्हीचा कंटाळा आला की दूधपोळी. जेवताना मला काही व्हायचं नाही. दुखायचं ते वेगळ्याच वेळी. सकाळी अकराच्या पुढेमागे, पोटात काही नसताना, उजव्या जबड्याखाली आधी एक कळ यायची, मग तिथे लिंबाएवढी गाठ फुगायची. मी आरशासमोर उभा राहून बघायचो. तासाभरात ती आपोआप उतरायची आणि काही झालंच नाही असा चेहरा शिल्लक राहायचा.

ती पहिल्यांदा पाहिली वाटव्यांनी. मी दूध आणायला खाली उतरलो होतो.

“काका, गालात सुपारी धरलीय की काय?”

“नाही हो.”

“मग दाढ. दाढच ती. काढून टाका, आता ठेवून काय करायचीय!”

दाताच्या डॉक्टरांनी दाढा ठोकून पाहिल्या आणि चांगल्या आहेत म्हणाले. तसं मी वाटव्यांना सांगितलं. वाटवे जिन्यातच थांबले.

“रोज होतं?”

“रोज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा.”

“कोणत्या दिवशी?”

“दिवस ठरलेला नाही.” मी आठवून बघितलं. “शेजारून तो वास येतो ना, त्या दिवशी होतं.”

हे मी बनवून सांगितलं नव्हतं. तसंच होत होतं.

वाटव्यांनी आवाज खाली आणला. “मासळीचा?”

“हो.”

“तांडेल बाईंच्या?”

“हो.”

“अहो काका, मग ही ॲलर्जी आहे!”

*

सुरेखा तांडेल. एसटीत कंडक्टर. देवगड डेपोतून बदली होऊन सांगलीला आलेली, तिशी-पस्तिशीतली. नवरा देवगडलाच, ट्रॉलरवर. समोरच्या फ्लॅटचे मालक पुण्याला असायचे, त्यांनी तो तिला भाड्याने दिलेला. तिचं स्वयंपाकघर आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक अरुंद डक्ट होता. तिची ड्युटी दुपारची. त्यामुळे सकाळी उशिरा ती एकटीपुरतं रांधायची, डबा भरायची आणि खाकी कपडे चढवून जिना उतरायची. माझी-तिची ओळख म्हणजे “पाणी आलं का?” एवढीच.

आमच्या सोसायटीत मासळी-मटण चालत नसे. लेखी नियम नव्हता. भाडेकरू ठेवताना तोंडी सांगायचं, एवढंच. पुण्याच्या मालकांनी ते सांगितलं नव्हतं, किंवा त्यांनी सांगितलं आणि तिने ऐकलं नाही. दोन्ही बाजूंनी दोन्ही गोष्टी बोलल्या जात होत्या. वाटवे एकदा तिच्या दाराशी बोलायला गेले होते. ती म्हणाली होती, “मी काय तुमच्या घरात येऊन शिजवते का?” आणि दार लावून घेतलं होतं. वास येतो, एवढ्यावर कोणाला घराबाहेर काढता येत नाही.

पण वासाने शेजारचा म्हातारा आजारी पडत असेल तर?

*

जिन्यात, दारात, माझ्या पुढच्या खोलीत त्या महिन्याभरात बोलली गेलेली वाक्यं. उत्तरं मी फारशी दिली नाहीत, म्हणून ती लिहीत नाही.

“काका, आज कसंय?”

“दाखवा बघू. अगं बाई, केवढं ते!”

“मुगाची खिचडी आहे, मऊ केलीय. डब्याची घाई नाही, सावकाश द्या.”

“एकटे राहता, आम्हाला हाक मारायची. परके आहोत का आम्ही?”

“बाईमाणूस आहे म्हणून आम्ही गप्प बसलो. आता नाही बसायचं.”

“काका, पत्ते खेळता का? या की संध्याकाळी खाली.”

विमल गेली तेव्हाही माणसं आली होती, पण दिवस झाले तशी तीही यायची थांबली. आता पुन्हा बेल वाजू लागली होती. मी संध्याकाळी चहाचं आधण दोन माणसांचं ठेवू लागलो. वाटवे यायचे, खुर्ची ओढून घ्यायचे, माझ्या जबड्याकडे एकदा बघायचे आणि मग जगभरचं बोलायचे. माणूस मजेदार होता. बँकेतल्या साहेबांच्या नकला करायचा. त्यांच्या बायकोच्या हातची खिचडी चांगली असायची, आणि ती खाताना मला बारीकशी कळ यायची. तिकडे मी लक्ष दिलं नाही.

शेजारून वास यायचा तेव्हा मी उठून खिडकी लावायचो. मला राग येतो, असं मला वाटायचं. खिडकी लावून मी तिथेच उभा राहायचो, गाठ फुगेपर्यंत.

*

“डॉक्टरांकडून एकदा पक्कं करून घ्या,” वाटवे म्हणाले. “ॲलर्जी आहे असं डॉक्टर म्हणाले, एवढं तुम्ही मीटिंगमध्ये उभं राहून सांगा. पुढचं मी बघतो.”

म्हणून मी मिरजेला गेलो. रेहाना मुजावर कान-नाक-घशाच्या डॉक्टर. बारीक चणीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, बोलणं भराभर. त्यांनी हातमोजे घातले, माझ्या तोंडात बोट घातलं, दुसऱ्या हाताने जबडा खालून उचलून धरला आणि डोळे मिटले. शोधताना त्या डोळे मिटत होत्या. माझ्या चेहऱ्याला दुसऱ्या कोणाचा हात लागून बराच काळ लोटला होता, हे मला तेव्हा कळलं. न्हाव्याचा सोडून.

“खडा आहे,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“लाळेच्या नळीत. जबड्याखाली लाळेची ग्रंथी असते, तिथून एक नळी जिभेखाली येते. त्या नळीत खडा अडकलाय. मूतखडा असतो ना, तसाच, फक्त इकडे. सोनोग्राफी करून घेऊ, पण मला लागला हाताला.”

“म्हणजे ॲलर्जी नाही?”

“कसली ॲलर्जी?”

“वासाची.”

“वासाच्या ॲलर्जीने शिंका येतात, काका. खडे नाही होत.” त्या लिहिता लिहिता थांबल्या. “कधी सुजतं? जेवताना?”

“नाही. जेवताना नाही.”

“असं कसं? जेवतानाच सुजायला पाहिजे. काय जेवता?”

“दूधभात.”

“आणि?”

“ताकभात.”

“लोणचं? मिरची? पापड?”

“नाही.”

“दूधभाताला काय होणार आहे!” त्या हसल्या, पण माझ्याकडे बघून लगेच थांबल्या. “मग सुजतं तरी कधी?”

“अकराला. उपाशीपोटी.”

“अजब आहे,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं समजावून सांगू लागल्या. पूर्वी म्हणे मानेवर चीर देऊन अख्खी ग्रंथीच काढून टाकायचे, मग ओठ वाकडा व्हायची भीती. आता चीर द्यायची नाही. नळीचं तोंड जिभेखाली असतं. त्यातूनच सुईसारखी बारीक दुर्बीण आत घालायची, पडद्यावर बघत बघत खड्यापर्यंत जायचं, तारेच्या इवल्या टोपलीत त्याला धरायचं आणि आल्या वाटेने बाहेर आणायचं. भूल तेवढ्या जागेपुरती. त्या नुकत्याच मुंबईला जाऊन हे शिकून आल्या होत्या. हात कामाला उतावीळ झालेला दिसत होता.

“सोबत कोणाला तरी आणा,” त्या म्हणाल्या.

वाटव्यांना मी परतल्यावर सगळं सांगितलं. ते जरासे हिरमुसले, मग सावरले. “खडा असू दे हो. खडा आधीपासून असेल. पण सुजतं ते वासानेच ना?”

“सुजतं वासानेच.”

“झालं तर!”

*

आता पुन्हा टेबलावर.

“नळीचं तोंड दिसेना,” डॉक्टर मुजावर सिस्टरना म्हणाल्या. “सुई नंतर. आधी तोंड सापडू दे. लिंबू द्या.”

सिस्टरनी जिभेवर लिंबाचे थेंब टाकले. दोघी वाकून बघत राहिल्या.

“येतंय?”

“नाही, मॅडम.”

“आणखी टाका.”

आंबट लागलं, घशात ठसका आला, पण जिभेखाली काही नाही.

“काका, कोरडे पडलात तुम्ही अगदी.” त्यांनी माझ्या जबड्याखालचं बोट हलवलं. “एक काम करा. डोळे मिटा. आवडीचं काहीतरी आठवा. खायचं. एक थेंब बाहेर आला की मला तोंड दिसेल, मग मी शिरलेच आत. हं, आठवा.”

(श्रीखंड.)

“नाही.”

(विमलची पुरणपोळी. कटाची आमटी. तिच्या माहेरची, शिरोळची, शेंगदाण्याची चटणी.)

“नाही येत. काका, आठवताय ना?”

(आठवतोय हो. ती हातावर चटणी घेऊन द्यायची, “मीठ बघा” म्हणून. मी नेहमी “बरोबर आहे” म्हणायचो.)

“थोड्या वेळाने बघू, मॅडम?”

“थांबा. मनापासून आठवा. लहानपणचं काहीतरी.”

लहानपणचं. मी तिकडे गेलो नव्हतो कित्येक वर्षांत. विमलशी लग्न झालं तेव्हा तिच्या वडिलांना मी सांगितलं होतं, मी मासे खात नाही. तिने मला कधी सोडा म्हटलं नव्हतं. उलट एकदा म्हणाली होती, बाहेर खात जा हवं तर, मला काय कळतंय. मी सोडले ते सोडले. केळुसकर या माझ्या आडनावावरून सोसायटीत लोकांनी मी मासे न खाणाऱ्यांतलाच असं समजलं, मी समजू दिलं. सोडून इतका काळ गेला की काय सोडलं होतं तेही आठवेनासं झालं.

मग डक्ट आठवला. नाही, डक्ट नाही. त्यातून येणारं ते. गरम तवा, कोरडा जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, त्याच्यावर पडली की होणारा सरसर आवाज, धूर, मग कांदा, मग कोकमाची सोलं. आणि तव्यापुढे पाटावर बसलेली माझी आई. “थांब मेल्या, भाजूंदे तरी.”

“आलं!” डॉक्टर ओरडल्या. “आलं, आलं! सिस्टर, बघा. काय आठवलंत हो काका? नको, बोलू नका. हलू नका. दुखतंय? दुखणारच, ग्रंथी भरतेय आणि वाट बंद आहे. हेच तर आहे तुमचं दुखणं. तोंडाला पाणी सुटलं की लाळ निघते, खड्याला येऊन अडते आणि मागे फुगते. खावंसं वाटल्याशिवाय हे दुखतच नाही. सुई द्या.”

जबड्याखाली तीच कळ होती. तीच अकरा वाजताची.

(खावंसं वाटल्याशिवाय दुखत नाही.)

सुई टोचली. मग जीभ माझी राहिली नाही. त्यांनी आधी बारीक, मग थोड्या जाड सळ्यांनी ते तोंड रुंद केलं आणि दुर्बीण आत गेली. आतून पाणी सोडत होते, ते माझ्या ओठाच्या कोपऱ्यातून वाहत होतं. पडदा माझ्या बाजूला वळवून ठेवलेला होता. गुलाबी बोगदा. भिंती ओल्या, चकाकणाऱ्या. बोगदा वळला, आणि वळणावर पिवळट, खडबडीत काहीतरी बसलेलं.

“हे बघा तुमचं बिऱ्हाड,” डॉक्टर म्हणाल्या.

तारेची टोपली पुढे सरकली, उघडली, चुकली. पुन्हा उघडली. सिस्टर श्वास रोखून उभ्या होत्या. मीही. टोपली मिटली.

“चला,” डॉक्टर अगदी हळू म्हणाल्या, खड्याला, आणि त्याला घेऊन मागे येऊ लागल्या.

खडा तांदळाच्या कणीएवढा असेल असं मला वाटलं होतं. तो तुरीच्या दाण्याएवढा होता. त्यांनी तो गॉजवर ठेवून मला दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या मुलीचा आनंद होता. मला कोणाला तरी सांगावंसं वाटलं, मला काय कळलं ते. पण जीभ जड होती आणि ऐकायला थर्मास घेऊन वाटवे होते.

*

परतीच्या वाटेवर वाटव्यांनी गाडी सावकाश चालवली. खड्ड्यांपाशी ते “सांभाळा हं” म्हणत होते.

“रविवारी तुम्ही जास्त काही बोलू नका. नुसते उभे राहा. गळ्याला मफलर असू द्या.”

“हं.”

“ऑपरेशन झालं म्हटल्यावर वजन येतं बोलण्याला.”

“ह—”

“बोलू नका, बोलू नका. मी आहे ना.”

त्या दोन दिवसांत खिचडी आली, पेज आली, सगळे येऊन गेले. भरपूर पाणी प्यायचं, आंबट गोळी चघळायची, जबडा खालून पुढे असा चोळायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी चोळत होतो. वाटवे समोर बसून साहेबांच्या नकला करत होते.

शनिवारी सकाळी तो वास आला.

मी उठलो. खिडकी लावली नाही. तिथे जाऊन उभा राहिलो. समोरच्या खिडकीत तिची पाठ दिसत होती, केस वर बांधलेले, उलथनं हलत होतं. माझं तोंड पाण्याने भरलं. गिळलं तर पुन्हा भरलं. कळ आली नाही. मी जबडा चाचपला, तो सपाटच होता. जे आत फुगत होतं ते आता सरळ वाहत होतं. मी गिळत उभा राहिलो.

तिने वळून पाहिलं. मी मागे सरलो.

*

मीटिंग खाली पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, त्याही निम्म्या रिकाम्या. पाण्याची टाकी, लिफ्टची दुरुस्ती, मग तो विषय. तांडेल बाई मीटरच्या पेटीपाशी उभी होती. ड्युटीवर जायची होती म्हणून खाकी कपड्यांत. कोणी तिला बस म्हटलं नव्हतं.

वाटवे चांगलं बोलले. आवाज न चढवता. शेवटी म्हणाले, “वैयक्तिक कोणाशी आमचं भांडण नाही. पण आपल्यातला एक ज्येष्ठ माणूस, एकटा माणूस, या वासापायी ऑपरेशन टेबलावर पोचला. काका, उभे राहता का जरा?”

मी उभा राहिलो. मफलर होता.

“वासाने सुजायचं की नाही? एवढंच सांगा.”

“सुजायचं,” मी म्हणालो.

“बास. बसा.”

“पण वासाने नाही.”

कोणीतरी खुर्ची सरकवली.

“काका, औषधाचा अंमल आहे अजून,” वाटवे हसून लोकांना म्हणाले.

“नाही. डॉक्टरांनीच सांगितलं. खडा अडकलेला असला की तोंडाला पाणी सुटल्यावर तिथे सूज येते. तोंडाला पाणी सुटलं तरच येते.” माझी जीभ अजून जरा जड होती. “मी वेंगुर्ल्याचा. लहानपणी रोज खायचो. त्यांच्याकडे जवळा भाजला की मला खावासा वाटायचा. म्हणून सुजायचं. त्यांची काही चूक नाही.”

मग मागून पहिल्या मजल्यावरचे बिरनाळे म्हणाले, “म्हणजे इतके दिवस काकांची लाळ गळत होती आणि आम्ही खिचडी पोचवत होतो!”

हशा झाला. खरं सांगायचं तर मीही हसलो. हसू थांबलं असतं तर बरं होतं.

“तरीच काका सारखे खिडकीत!”

“नवरा बिचारा तिकडे समुद्रात, आणि इकडे—”

“अहो, बायका बसल्यात.”

“बायकाच हसतायत!”

मी मीटरच्या पेटीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिकिटांची पेटी खांद्याला अडकवून ती फाटकाकडे निघाली होती. चालणं भराभर नव्हतं, हळूही नव्हतं. सगळ्यांच्या समोरून जाईपर्यंत तिने तेच ठेवलं.

“विषय क्रमांक चार,” वाटवे म्हणाले.

तिला कोणी घर सोडायला सांगितलं नाही. तो विषय तिथेच संपला.

*

वाटवे त्यानंतर आले नाहीत. भांडले वगैरे नाहीत. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “आधी सांगायचं होतंत, काका. निदान गाडीत तरी.” एवढंच. मी म्हणालो, “गाडीत जीभ नव्हती.” ते हसले नाहीत. मी डबे घासून परत केले. दारातच घेतले गेले.

शेजारून वास यायचा बंद झाला. समोरची खिडकी लागलेली असायची. आधी वाटलं, तिने मासे आणणंच सोडलं. पण काचेमागे उलथनं हलताना दिसायचं.

एक दिवस ती ड्युटीला उतरताना मी मुद्दाम दार उघडलं.

“तुम्हाला घर सोडावं लागू नये म्हणून बोललो मी,” मी म्हणालो.

“माहितीय.” ती थांबली. “बरं केलंत, काका. तुमच्यामुळे राहिले, हे खरंय.”

“मग खिडकी?”

तिने तिकिटांच्या पेटीचा पट्टा सारखा केला. “मी तवा ठेवला की खालची पोरं ओरडतात, ‘काकांना बोलवा.’ मोठी माणसं ऐकून हसतात. परवा एक जण मला म्हणाला, काकांना एखाद दिवशी ताट वाढा, पुण्य लागेल. बोलला कसा, ते तुम्हाला करून दाखवू का?”

“नको.”

“वास येतो म्हणाले तेव्हा मी भांडू शकत होते. आता काय म्हणून भांडू?”

ती जिना उतरून गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

*

मी सुक्या मासळीच्या बाजाराला गेलो. पावसाळ्याआधी तिथे गर्दी असते. जवळा ओळखायला मला वेळ लागला नाही. घरी आणला, डब्यात भरला आणि काही दिवस नुसता ठेवला.

मग एका सकाळी खिडकी सताड उघडली आणि तवा ठेवला. मनात काय होतं ते नीट सांगता येत नाही. ओरडायचं तर त्यांनी मला ओरडावं, असं काहीतरी असेल. वास आता माझाही आहे, हे खाली कळावं. किंवा वाटवे तक्रार करायला येतील. आले असते तर मी आधण ठेवलं असतं.

जवळा तव्यावर पडला तसा तोच सरसर आवाज झाला. पण किती वेळ भाजायचा ते मला माहीत नव्हतं. मी फक्त खाल्ला होता, केला कधी नव्हता. कांदा चिरेपर्यंत धूर झाला. डोळ्यांतून पाणी, तोंडात पाणी. स्वयंपाकघर धुराने भरलं, तो डक्टमधून वर गेला, दाराखालून जिन्यात गेला.

बेल वाजली.

मी धावत गेलो.

ती दारात होती. गाऊन, खांद्यावर ओढणी, ओले केस. आत बघत होती, माझ्याकडे नाही.

“काय करतास ह्यां, काका?” ती म्हणाली. घाईत ती तिच्या बोलीत गेली होती. “करपलो तो. तवो उतरवा. आणि खिडकी लावन घ्या आधी!”

“असू दे, माझा वास आहे,” मी म्हणालो.

“तुमचो कोण म्हणतलो? ह्यो वास माझ्या नावार जातलो.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“लावतंय,” मी म्हणालो. आमच्या बोलीतला तो शब्द माझ्या तोंडातून फार काळाने निघाला होता. तिने तो ऐकला. क्षणभर तिने माझ्याकडे पाहिलं, बहुतेक काही विचारणार होती. मग खालच्या मजल्यावर कोणाचं तरी दार वाजलं आणि ती मागे सरली.

मी आत जाऊन गॅस बंद केला, खिडकी लावली, वरची झडप लावली. परत आलो तोवर तिने माझं दार बाहेरून ओढून घेतलं होतं. मी दाराला कान लावला. ती जिन्यात उभी राहून वर्तमानपत्राने वारा घालत असावी, वास खाली जाऊ नये म्हणून. कागदाचा फडफड आवाज बराच वेळ येत राहिला. मग तो थांबला आणि तिची कडी लागली.